सत्तावीस नंबरचा वासखांब

कुमुदताईंच्या गुडघ्यापुढे अजून पाचशे बारा गुडघे होते.

हा आकडा वामनराव खटावकरांना तोंडपाठ होता, कारण रोज सकाळी दात घासायच्या आधी ते तो मनगटावरच्या पट्टीवर बघत. फेब्रुवारीत तो अकराशे शहाऐंशी होता. नगरपालिकेच्या दवाखान्यात सांधा बदलून घ्यायची ही रांग, आणि एक गुण मिळवला की माणूस त्या रांगेत एक जागा पुढे सरके. बुधवारी सकाळी सत्तावीस नंबरच्या खांबाचा भाव चौसष्ट गुणांवर गेला. चौसष्ट आठे पाचशे बारा! आठ वेळा तीन-तीन मिनिटं उभं राहायचं आणि दर वेळी अर्ध्या तासाची सुट्टी घ्यायची. नऊला सुरुवात केली तर साडेबाराला बायकोचा गुडघा मोकळा. शिवाय कुमुदताईंच्या हातालाही एक पट्टी बांधून त्यांना तिथे नेलं, तर आठाचे चार होणार होते. म्हणजे साडेदहालाच काम फत्ते, आणि दुपारचं जेवण वेळेवर.

"माझ्या गुडघ्यासाठी मलाच राबवणार म्हणा की," कुमुदताई म्हणाल्या. त्या पोह्यांवर खोबरं भुरभुरवत होत्या, तेही बसून. उभ्यानं स्वयंपाक करणं त्यांनी दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं.

"राबायचं काय त्यात? खुर्चीत बसायचं. चार पोरं उचलून नेतील, चार पोरं परत आणतील. लग्नात तरी एवढा मान मिळाला होता का?"

"लग्नात मान होता. नवरा हा असा होता." मग त्यांची नजर वामनरावांच्या हातावर गेली. "अहो, अंगठी काळी कशानं पडली?"

चांदीची अंगठी खरंच काळी पडली होती. मळकी नव्हे, तव्यासारखी काळी. रविवारी तर ती चिंचेनं घासून लख्ख केली होती.

"घाम," वामनराव म्हणाले. एप्रिल महिना होता, तेव्हा ते उत्तर खपून गेलं.

सन २०५३ मध्ये रायवाडी कॅम्पात राहणाऱ्या कुणालाही वासखांब म्हणजे काय हे सांगावं लागत नसे. बाहेरच्यांना सांगावं लागे. इंग्रजांनी छावणीखाली गटारं बांधली तेव्हा त्यांच्यापुढे एक अडचण होती. मैला कुजला की त्यातून गॅस निघतो, आणि त्याला वाट दिली नाही तर तो स्वतःची वाट शोधतो, बहुधा कुणाच्या तरी न्हाणीघरातून. म्हणून त्यांनी जागोजागी ओतीव लोखंडाचे पंचवीस फुटी पोकळ खांब गटारावर उभे केले. खाली नक्षीची बैठक, गुडघ्याच्या उंचीवर तपासणीसाठी एक लहानसं लोखंडी दार, आणि वर उघडं तोंड. घाण हवा माणसांच्या नाकांवरून परस्पर आभाळात जावी एवढंच त्यांचं काम. असे एक्केचाळीस खांब होते आणि दीडशे वर्षं त्यांनी ते काम बिनबोभाट केलं.

त्यांचा नकाशा मात्र नगरपालिकेकडे नव्हता. मूळ नकाशा वाळवीनं खाल्ला होता. तो सापडला अशा ठिकाणी, जिथे कुणा अभियंत्यानं शोधला नसता. तीसेक वर्षांपूर्वी गावोगावची पोरं हातात फोन घेऊन रस्त्यावर काल्पनिक प्राणी पकडायचे खेळ खेळत. त्या खेळांना खरीखुरी, न हलणारी, जरा चमत्कारिक दिसणारी ठिकाणं लागत. देऊळ, पुतळा, कारंजं असं काहीही चाले. रायवाडीत कारंजी नव्हती. म्हणून इथल्या पोरांनी सगळे वासखांब 'ऐतिहासिक स्तंभ' म्हणून त्या खेळात नोंदवून टाकले, फोटोसकट आणि अचूक ठिकाणासकट. खेळ गेले, पोरं पोटापाण्याला लागली, पण नोंदी राहिल्या. नगरपालिकेला आपली गटारं कुठून जातात हे कळलं ते या उनाडक्यांमुळे.

नोंदींचा उपयोग करून घ्यायचं डोकं डॉ. इरावती मुळगुंद यांचं. त्या गणितातल्या, वय अडतीस, आणि नगरपालिकेच्या गटार-गणन कक्षात त्या एकट्याच. माणसांना गटारात उतरवायला आता बंदी होती. सफाईची यंत्रं उतरत, पण आत गॅस किती हे ठाऊक नसताना यंत्र उतरवलं तर एक ठिणगी आणि रस्ता आभाळात. गॅस मोजणारी उपकरणं आत लावली तर तोच गॅस ती तीन महिन्यांत खाऊन टाकी. इरावतीबाईंनी स्वतःला विचारलं, की या गावात गंजत नाही, आपलं आपण खातंपितं आणि बोलावलं की स्वतःच्या पायानं येतं, असं उपकरण कोणतं? उत्तर सोपं होतं.

त्यांनी 'ठिय्या' नावाचा खेळ काढला. खेळणाऱ्यानं मनगटावर श्वासपट्टी बांधायची. ही पट्टी अंगाच्या उष्णतेवर चालते, भोवतीची हवा चाटून बघते आणि माणसाचा श्वास मोजते. खांबापाशी तीन मिनिटं उभं राहायचं. शेवटी पट्टी विचारते: वास नाही, थोडा, की खूप? बोट टेकवायचं, की गुण जमा. नगरपालिकेकडे द्यायला पैसे नव्हतेच. पण रांगा भरपूर होत्या. तिनं रांगेतल्या जागा वाटल्या.

महिन्यापूर्वी नऊ नंबरच्या खांबापाशी चहाच्या टपरीवर वामनरावांनी बाईंना गाठलं होतं. वामनराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. छत्तीस वर्षं स्टँडवर गाड्यांच्या वेळा लावल्या, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचं वेळापत्रक हाती असल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"बाई, एक सांगा. काल या खांबाला पाच गुण होते, आज दोन. चौदा नंबरला काल दोन होते, आज सहा. हा भाव ठरवतं कोण?"

"माझी शंका ठरवते, काका. आम्ही त्याला शंकामोल म्हणतो."

"म्हणजे?"

इरावतीबाईंनी कप खाली ठेवला. "एका आईला तीन पोरं. एक समोर बसून जेवतंय. दुसरं रोज सहाला घरी येतं. तिसरं सकाळपासून गेलंय, पत्ता नाही. आई फोन कुणाला करेल?"

"तिसऱ्याला."

"ते जास्त लाडकं म्हणून?"

"छे. ठावठिकाणा नाही म्हणून."

"माझं गणित म्हणजे ती आई. ज्या खांबाखाली काय चाललंय ते मला पक्कं माहीत आहे, त्याला गुण कमी. जिथलं माहीत नाही, तिथे जास्त. तुम्ही तिथे उभे राहिलात की मला थोडं कळतं, माझी शंका उतरते, भावही उतरतो. चार दिवस कुणी फिरकलं नाही की शंका पुन्हा चढते."

"म्हणजे बाई, तुम्ही आमच्या अडाणीपणाचे गुण देता!"

"तुमच्या नाही हो. माझ्या."

वामनराव हसले. मग त्यांच्यातला नियंत्रक जागा झाला. "आणि समजा, पोरानं फोन उचलला, एकदा म्हणालं घरात आहे, एकदा म्हणालं बाहेर आहे, तर?"

"तर आईची शंका वाढेलच. ती पुन्हा पुन्हा फोन करत राहील."

"म्हणजे भाव चढेल."

"चढेल की."

या सगळ्या संभाषणातलं एवढं शेवटचं वाक्य वामनरावांनी घरी नेलं.

सत्तावीस नंबरचा खांब कोष्टी आळीच्या तोंडाशी. शनिवारपर्यंत त्याला तीन गुणांच्या वर कुणी विचारत नव्हतं. शनिवारी काय झालं तर तिथे मंडळ स्थापन झालं. रायवाडीत चार माणसं एका जागी तीन मिनिटं उभी राहिली की पाचवा माणूस वर्गणीचं पुस्तक काढतो. त्या मानानं उशीरच झाला होता. वासखांब मित्र मंडळ, अध्यक्ष प्रकाश उंडे. उंड्यांचं फ्लेक्सचं दुकान होतं, त्यामुळे मंडप झटक्यात झाला. उन्हाचा त्रास नको म्हणून वर ताडपत्री आणि तिन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत फ्लेक्स, प्रत्येकावर उंडे हात जोडून उभे. चौथ्या बाजूला पडदा. खांब मंडपाच्या मधोमध, त्याचं डोकं ताडपत्रीतून वर निघालेलं. एवढा उंच खांब आणि वर नुसतं भोक, हे काही शोभेना. म्हणून रविवारी शिडी लावून त्यावर पितळी कळस बसवला, चांगला सिमेंटनं पक्का करून.

आणि सोमवारी कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की पट्टीला हवा जास्त मिळाली तर गुणही जास्त मिळतील. म्हणून खांबाच्या बुडाचं ते लहान लोखंडी दार छिन्नीनं उचकटून उघडं केलं.

वरचं तोंड बंद, खालचं दार उघडं, आणि चहूबाजूंनी आडोसा. दीडशे वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं ते मंडळानं तीन दिवसांत, निव्वळ हौसेनं, वर्गणी काढून केलं.

सोमवारी दुपारी वास आला. सडक्या अंड्याचा, चांगला नाक मुरडण्यासारखा. लोकांनी 'खूप' वर बोट ठेवलं. मंगळवारी वास कमी झाला. बुधवारी तो नव्हताच. पट्ट्या सांगत होत्या गॅस वाढला, माणसं सांगत होती वास गेला. पोर एकदा म्हणत होतं घरात आहे, एकदा म्हणत होतं बाहेर आहे. आईची शंका भडकली. भाव तीनाचा एकोणीस, एकोणिसाचा चाळीस, चाळिसाचा चौसष्ट झाला, आणि जसजसा चढला तसतशी माणसं वाढली. डोकी दुखत होती, त्याला ऊन कारण होतं. दोघांना ओकाऱ्या झाल्या, त्याला उंड्यांचा चहा कारण होता.

नऊ वाजता कुमुदताईंची मिरवणूक मंडपात आली. खेळाच्या नियमाप्रमाणे उभं राहावं लागे, म्हणून मंडळानं खुर्च्या ठेवल्याच नव्हत्या. पण अपंगत्वाचा दाखला असेल तर बसून चाले. चाळीसएक उभ्या माणसांत त्या एकट्या बसलेल्या. बुटकी खुर्ची त्यांना खांबाला टेकून मिळाली, कारण मानाची जागा तीच.

"काय काकू, आज स्वतः मैदानात?" उंड्यांनी विचारलं.

"मैदानात कसली, गटारावर बसलेय. कुणी विचारलं तर सांगा, नवऱ्यानं आणली."

हशा झाला. पहिल्या ठिय्याला दोघांचे मिळून एकशे अठ्ठावीस आले. साडेनऊला भाव बहात्तर होता, एकशे चव्वेचाळीस. दहाला ऐंशी, एकशे साठ. वामनरावांनी पट्टीकडे बघितलं. ऐंशी उरले होते.

दहाच्या ठिय्याच्या जरा आधी हिरामण साळवे आले होते. हिरामण मुकादमांनी तरुणपणी याच गटारांत उतरून काम केलं होतं, बंदी येण्याआधी. बरोबरीचे सहा जण गेले. ते राहिले, आता पंच्याहत्तरीला होते. ते बाजारात निघाले होते. लांबून त्यांना खांबावरचा कळस दिसला. रविवारचा नवाकोरा पितळी कळस बुधवारी कोळशासारखा काळा पडला होता, आणि आसपासच्या तारांवर एकही कबूतर नव्हतं.

ते पडदा सारून आत आले, दोन पावलं टाकली, नाकानं एकदा हवा ओढली आणि तिथल्या तिथे थबकले.

"मुकादम आले! अरे, शाल आणा!" उंडे ओरडले. "मंडळी, या गटारांची ज्यांनी आयुष्यभर सेवा केली..."

"शाल राहू द्या. वास येतोय का तुम्हाला?"

"अजिबात नाही! मंडळाची कृपा!"

"अहो, नाही येत म्हणूनच विचारतोय! आम्ही उतरायच्या आधी तीन झाकणं उघडून तासभर वाट बघायचो. वास येतोय तोवर माणूस जिता. वास गेला की पळ काढायचा, मागं बघायचं नाही. हा गॅस आधी नाक मारतो, मग..."

पण तोवर खांद्यावर शाल पडली होती, हातात नारळ आला होता, आणि टाळ्यांत पुढचं वाक्य बुडालं. 'नाक मारतो' याला तर लोक मनापासून हसले. बाहेर पडेपर्यंत मुकादमांचे तीन फोटो निघाले. "बाहेर व्हा रे, बाहेर व्हा!" ते ओरडत राहिले. पडद्याबाहेर रांग लागली होती. तिला वाटलं, म्हातारा जागा मोकळी करून देतोय. चाळीस गेले असते तर चाळीस आत आले असते. भाव खांबावर होता, तो उतरवणं एकाच ठिकाणी शक्य होतं. मुकादमांनी रिक्षा थांबवली. नारळ त्यांच्या हातातच राहिला होता.

दहा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी गटार-गणन कक्षाचं दार ढकललं.

इरावतीबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा बघता बघता उतरला. हा गॅस फार झाला की नाकाची संवेदनाच बंद पडते हे त्यांना माहीत होतं, कुठल्याही रसायनवाल्याला माहीत असतं. पण उघड्या हवेत, पंचवीस फुटी खांबाच्या पायथ्याशी गॅस तेवढा साठेल कसा? म्हणून ते त्यांनी गणितात घातलंच नव्हतं. मंडप आणि कळस या दोन गोष्टी त्यांच्या समीकरणात नव्हत्या.

"बंद करा बाई तो भाव," हिरामण म्हणाले.

बाईंचं बोट पडद्यावरच्या 'खांब बंद' या अक्षरांपर्यंत गेलं आणि थांबलं.

"मुकादम, खाली गटार तुंबलंय. एवढा गॅस नुसत्या कळसानं साठत नाही. तुंबलंय ते पूर्वेला, कोष्टी आळीखाली, की पश्चिमेला, बंद गाळ्यांखाली?"

"ते मला वरून कसं कळणार?"

"मलाही कळत नाही. कोष्टी आळीत तीनशे दहा घरं आहेत. उन्हाळ्यात मोऱ्यांचं पाणी आटतं, गॅस सरळ घरात शिरतो. अग्निशमनाची गाडी एकच आहे. मी चुकीच्या बाजूला पाठवली तर?" त्यांनी घड्याळ बघितलं. "साडेदहाला कोष्टी आळीला नळ सोडतात. तीनशे घरांचं पाणी एकदम गटारात येतं. तुंबलेलं पूर्वेला असेल, तर ते पाणी गॅस मागं ढकलेल आणि सत्तावीसचा आकडा उडी मारेल. पश्चिमेला असेल तर हलणारसुद्धा नाही. दहा मिनिटांत मला पक्कं कळेल."

"पट्ट्या ठेवा तिथं. माणसं काढा."

"पट्टी अंगावरून काढली की झोपते. अंगाच्या उबेवर चालते ती."

गॅस तपासायच्या दिव्याच्या जागी आपल्यालाच गटारात सोडणारे साहेब हिरामणांनी पाहिले होते. ते साहेब वाईट नसत. तेही घड्याळच बघत असत.

"चार दिवस ते तिथेच आहेत," बाई घाईनं म्हणाल्या. "दहा मिनिटांनी काय..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, कारण पडद्यावरच्या चाळीस रेषांपैकी एक रेष त्यांना तेव्हाच दिसली. ती बाकीच्यांच्या तिप्पट वर होती. "हे कोण आहे? ही पट्टी खाली आहे. हा गॅस हवेपेक्षा जड, तळाशी साठतो. कुणीतरी बसलंय तिथे. केव्हापासून... मुकादम, बघा ना किती स्वच्छ येतंय! उभ्या माणसांच्या आकड्यांत नुसता गोंधळ आहे. ह्या एका पट्टीवरून सगळं कळेल."

"कोण बसलंय?"

"नाव दिसत नाही. कायद्यानं नावं झाकलेली असतात."

"बाई," हिरामण म्हणाले, "बसलेलं माणूस आपणहून उठत नाही. तुम्ही बसा तुमच्या घड्याळापाशी. मी चाललो."

ते गेल्यावर इरावतीबाई एकट्या राहिल्या. बोट बटणाकडे जाऊ नये म्हणून त्यांनी हात मांडीखाली दाबून धरला. पाच मिनिटं. चार. त्या मनात म्हणत होत्या, तीनशे दहा घरं. घरटी चार धरली तरी बाराशेच्यावर माणसं. गुणाकार बरोबर होता. त्यांचा गुणाकार कधी चुकत नसे, आणि भीती तीच होती.

इकडे मंडपात वामनराव पडद्याबाहेर जाऊन दोन मिनिटं मोकळी हवा खाऊन आले होते. परत आले तर कुमुदताई डोळे मिटून बसलेल्या.

"झोप लागली का?"

"डोकं जड झालंय हो. श्वास पुरत नाही. किती राहिले?"

"ऐंशी. आणि भाव आहे चौऱ्याऐंशी. मी एकटा उभा राहिलो तरी झालं. तुला घरी सोडू का?"

"कोण सोडणार? पोरं तर चौदा नंबरला गेली," त्या म्हणाल्या. "असू दे. एवढ्यानं होतंय ना? करा तुमचं."

वामनराव क्षणभर घुटमळले. त्यांना काहीतरी खटकत होतं. बायको टोमणा मारल्याशिवाय 'करा तुमचं' म्हणाली, हे एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा. खुर्ची स्वतःच ओढत पडद्यापर्यंत न्यावी असं त्यांच्या मनात आलं. दहाच पावलं होती. पण साडेदहा झाले होते; तीन मिनिटं उभं राहायचं, मग ओढायचंच होतं. त्यांनी पट्टी सुरू केली.

साडेदहाला कोष्टी आळीचे नळ सुटले.

आधी खांबातून एक आवाज आला, कुणी खोल घशातून हुंकार द्यावा तसा. बुडाच्या दारातून कोंबट हवा सुटली आणि कुमुदताईंच्या पदराचं टोक हललं. कुणालाही वास आला नाही.

वामनराव आकडे मोजत होते. एक मिनिट झालं. दुसरं चालू होताच पट्टीवरचा चौऱ्याऐंशीचा आकडा पुसला गेला आणि तिथे शून्य आलं.

"अरे! हे काय?" उंडे किंचाळले. चाळीस माणसांनी चाळीस मनगटं वर केली. शून्य. सगळ्यांचं शून्य. कुणी म्हणालं फसवाफसवी आहे, कुणी म्हणालं चौदाला आता नऊ झालेत. मग रायवाडीची माणसं जे करतात तेच त्यांनी केलं. जिथे मिळायचं नाही तिथे ती उभी राहिली नाहीत. मिनिटभरात मंडप रिकामा झाला. दोघं-तिघं जाताना कुमुदताईंची झोपमोड होऊ नये म्हणून खुर्चीला वळसा घालून गेले.

"बघ गं," वामनराव वैतागून कुमुदताईंकडे वळले, "ऐन वेळी..."

इरावतीबाईंनी बटण दाबलंच नव्हतं. त्यांना ते दाबावं लागलं नाही. दहा वाजून एकतीस मिनिटांनी पडद्यावरची ती उंच रेष एकदम वर गेली, आणि तिच्या जोडीची, श्वासाची रेष आडवी झाली. गणितानं ती दोन्ही टोकं जुळवली. सत्तावीस नंबरच्या खांबाखाली काय आहे याबद्दल आता कसलीच शंका उरली नव्हती, आणि जिथे शंका नाही तिथे भाव नाही. बाईंनी अग्निशमनला फोन लावला आणि ठाम आवाजात सांगितलं: "पूर्व. कोष्टी आळी. सगळी घरं रिकामी करा." मग त्यांनी पडद्यावरची ती आडवी रेष तळहातानं झाकली.

हिरामण मुकादमांनी पडद्याबाहेरच छाती भरून श्वास घेतला, रोखला, आत गेले. वामनराव खुर्ची ओढत होते, पण पायांत बळ नव्हतं आणि ते गुडघ्यांवर आले होते. मुकादमांनी आधी त्यांना बाहेर टाकलं, नंतर खुर्चीसकट कुमुदताईंना. वामनराव तासाभरानं शुद्धीवर आले. कुमुदताई आल्या नाहीत.

तेराव्याचं झाल्यावर वामनराव गटार-गणन कक्षात गेले. इरावतीबाई उठून उभ्या राहिल्या. त्या काही बोलणार तेवढ्यात वामनरावांनी हातानं थांबवलं.

"बसा. मी भांडायला आलो नाही. स्टँडवर गाडी उशिरा सुटली की आम्हाला कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहावं लागे. रकाना मोकळा सोडायची परवानगी नव्हती. मुकादम किती वाजता आले तुमच्याकडे?"

"दहा वीस."

"आणि शून्य?"

"दहा एकतीस."

"अकरा मिनिटं," वामनराव म्हणाले. ते खिडकीबाहेर बघत होते. खाली रस्त्यापलीकडे चौदा नंबरचा खांब होता. त्याच्या बुडाशी पाट मांडून एका फार म्हाताऱ्या बाईला बसवलं होतं. तिच्या हाताला पट्टी होती, भोवती घरची माणसं उभी होती आणि कुणीतरी तिच्यावर छत्री धरली होती. "हे काय चाललंय?"

इरावतीबाई खिडकीपाशी आल्या. "बसून केलेल्या नोंदीला आता दीडपट गुण आहेत. मी नाही दिले, काका. गणित आपलं आपण शिकतं. बसलेल्या माणसाकडून जास्त कळतं, हे त्याला... त्या दिवशी कळलं."

"बंद नाही करत?"

"मी लिहून दिलं. दोनदा. वरचे म्हणतात, तीनशे दहा घरं वाचली त्याच्याचमुळे. आणखी सात गावांनी मागवलाय खेळ."

वामनराव बोटांची पेरं मोजावीत तसं मोजू लागले.

"तीनशे दहा घरं वाचली. मंडपातली चाळीस माणसं भाव पडला म्हणून पळाली, तीही वाचली. मुकादमांना शाल मिळाली. तुमचं गणित खरं ठरलं. रांगेत तिच्या मागे जेवढे होते ते सगळे एक-एक जागा पुढे सरकले. कळस मंडळाचा, खुर्ची माझी, अकरा मिनिटं तुमची. जमा बाजू भरभक्कम आहे, बाई. सगळ्यांना काही ना काही मिळालं."

"आणि भरलं..." इरावतीबाई म्हणाल्या.

"भरलं एकीनं," वामनराव म्हणाले. "आणि ती तर आपणहून खेळतसुद्धा नव्हती."